नियम पहिला : खाल्लं की लगेच घासा

माझ्या तोंडात आजमितीला माझे स्वतःचे म्हणावेत असे बावीस दात आहेत. चौतीस वर्षं नाशकात दातांचा दवाखाना चालवलेल्या माणसाने ही गोष्ट छापून आणावी अशी नाही. पण संपादकांनी फोनवर "डॉक्टर, अगदी प्रामाणिकपणे लिहा" असं बजावलं, आणि मी भिडस्त माणूस आहे. चार अक्कलदाढा तरुणपणीच गेल्या, त्यांचं मला काही वाटत नाही. बाकीचे सहा मात्र माझ्या ज्ञानाच्या छायेत वाढले आणि माझ्या डोळ्यांदेखत गेले.

दिवाळी अंकात दातांवर लिहिणं हे तसं औचित्याचंच आहे. भाऊबीज उलटली की पुढचा आठवडा आमचा सुगीचा असायचा. कुणाची चकलीवर दाढ फुटलेली, कुणाच्या दातातलं सिमेंट कडक शंकरपाळ्याबरोबर गिळलं गेलेलं. एका बाईंनी तर स्वतःच्याच हातच्या बेसनाच्या लाडवावर पुढचा दात तोडून घेतला होता आणि "सासूबाईंना कळता कामा नये" अशी अट घालून त्या खुर्चीत बसल्या होत्या.

लोकांना वाटतं, दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा. खरं सांगायचं तर माझं अर्धं आयुष्य "काय खाल्लं? कधी खाल्लं?" एवढंच विचारण्यात गेलं, आणि उरलेलं अर्धं, मिळालेली उत्तरं खोटी आहेत हे ओळखण्यात. माणूस पोटाच्या डॉक्टरला खरं सांगतो, वकिलालाही सांगतो, पण दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून सरळ खोटं बोलतो. "गोड मला चालतच नाही हो," असं म्हणणाऱ्याच्या दाढेत पेढा अडकलेला मी बघितला आहे.

भालेराव म्हणून एका सरकारी कचेरीतले कारकून होते. पुढचे दात मुळाशी किडत चाललेले. गोड नाही, तंबाखू नाही, सुपारी नाही. "चहा तेवढा घेतो, पण साखर अर्धाच चमचा." मी मान डोलावली आणि दात भरले. वर्षभरात शेजारचे किडले. शेवटी कसल्याशा दाखल्यासाठी मी त्यांच्या कचेरीत गेलो तेव्हा उलगडा झाला. टेबलावर चहाचा पेला, त्यावर फायलीचं झाकण. एक सही, एक घोट. एक शिक्का, एक घोट. तो एक पेला ते सकाळी अकरा ते दुपारी दोन पुरवायचे.

इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. गोड तोंडात गेलं की दातांवरचे जंतू त्याचं आम्ल करतात. ते आम्ल अर्धा तास तरी दाताला खात बसतं. मग लाळ येऊन ते धुते आणि झालेलं नुकसान हळूहळू भरून काढते. म्हणजे किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणानंतर चार पेढे एकदम खाल्लेत तर दात तुम्हाला माफ करतील. तेच चार दिवसभर पुरवून खाल्लेत तर नाही. भालेरावांना मी म्हटलं, "साहेब, दोन चमचे साखर घाला, पण पाच मिनिटांत संपवा आणि वर पाणी प्या." त्यांनी साखर वाढवली. पाच मिनिटांचं मात्र त्यांना जमलं नाही.

याच्या उलट इगतपुरीचे एक रेल्वेतले निवृत्त गार्ड होते. चौऱ्याहत्तर वय, बत्तीसच्या बत्तीस दात, हिरड्या गुलाबी. नातवाला घेऊन आले होते, तर मी नातवाला सोडून आजोबांनाच खुर्चीत बसवलं. कडुलिंब, खडूची पावडर, असलं काहीतरी रहस्य निघेल म्हणून विचारलं. ते म्हणाले, "काय नाय हो डॉक्टर. ड्यूटीवर डबा एकदाच उघडायचा. भाकरी, भाजी, कांदा, मुळा. मधे खायला येळ कोण देतंय? तहान लागली तर पाणी." मी हिरमुसलो. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी पाच वर्षं शिकलो होतो.

या अशा गोष्टींतूनच माझं ते सुप्रसिद्ध कार्ड तयार झालं. सुप्रसिद्ध म्हणजे माझ्या घरात आणि दवाखान्यात. पिवळ्या जाड कागदावर छापलेलं, वर प्लॅस्टिक चढवलेलं, 'दातांचे दहा नियम'. दवाखाना उघडला त्याच वर्षी पहिली छपाई केली, आणि पुढे वर्षानुवर्षं तोच मजकूर, तेच दहा नियम. फळांचा रस काढू नका, फळ चावून खा. बिस्किटं दाताला पेढ्याहून जास्त वेळ चिकटतात. पोराला दुधाच्या बाटलीसकट झोपवू नका. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका, पालेभाज्या, पेरू, मोसंबी खा आणि तंबाखूची मशेरी बंद करा. नियम चांगले होते. फक्त पहिला सोडून. तो होता, 'काहीही खाल्लं-प्यायलं की लगेच ब्रश करा.'

तो पहिला का होता? कारण तो ठणकावून सांगता येतो. 'लगेच' या शब्दाखाली मी दोन रेघा छापून घेतल्या होत्या.

आता वैशालीची गोष्ट सांगतो.

वैशाली ही विंचूरकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. वय सव्वीस-सत्तावीस. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, आणि तिकडच्या एका वाइनच्या कारखान्यात चाखणीच्या कामावर लागलेली. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा दवाखान्यात आली. सोबत तिचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. वैशालीच्या दातांना गार, आंबट, गोड काहीच सोसत नव्हतं.

"नक्की काय काम करतेस?" मी विचारलं.

"सर, टाक्यांतले नमुने चाखायचे. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा. मग कागदावर लिहायचं. दिवसाला वीस-पंचवीस नमुने होतात."

"गिळत नाहीस ना?"

"गिळलं तर पाचव्या नमुन्यानंतर लिहायलाच येणार नाही."

अण्णा मधेच म्हणाले, "पाव्हणे म्हणत्यात, पोरगी दारूच्या कारखान्यात घातली. म्या म्हणतो, आपल्याच द्राक्षाचा रस हाय, तिला त्याची पारख हाय. मला नाय तेवढी. पण डॉक्टर, आता पोरगी साधं माठातलं पाणी बी पीत नाय."

मुद्दा काय होता तो तिने सांगितला. तिच्या कारखान्यातले मुख्य चाखणारे गृहस्थ निवृत्त होणार होते. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांच्या जागेसाठी निवड व्हायची होती. एका बैठकीत तीस नमुने, ओळखून सांगायचे. त्या जागेवर तिथे आजवर एकही बाई बसलेली नव्हती. "दहाव्या नमुन्याला कळ आली की मला चवच कळत नाही सर. नुसती कळच कळते."

मी तपासलं. कीड नव्हती. हिरड्यांजवळ दात किंचित खोलगट आणि गुळगुळीत झाले होते. शिवशिवणाऱ्या दातांची पेस्ट लिहून दिली, आणि मोठ्या ऐटीत पिवळं कार्ड हातात ठेवलं. "पहिला नियम पाठ कर. चाखून झालं की लगेच ब्रश."

मुलगी आज्ञाधारक. पर्समध्ये ब्रश ठेवायला लागली.

माझ्या दवाखान्यात सुमनबाई होत्या. मदतनीस, सत्तावीस वर्षं माझ्याबरोबर. अवजारं उकळणं, पेशंटला धीर देणं आणि माझ्या चुका पेशंटच्या कानावर जाऊ न देणं, हे सगळं त्यांच्याकडे. वैशाली गेल्यावर हात धुता धुता त्या म्हणाल्या, "सर, एक विचारू? पितळेचं भांडं उजळायचं तर आम्ही चिंच लावतो आणि लगेच घासतो. लगेच घासलं की वरचा थर निघतो. ही पोरगी आंबट तोंडात घेते आणि लगेच घासते. मग दाताचं पण तसंच नाही का व्हायचं?"

मी हसलो. "सुमनबाई, दात म्हणजे तांब्या नव्हे," असं म्हणालो. म्हणालो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हे वाक्य आजही आठवलं की कानशिलं तापतात.

डिसेंबरात वैशाली पुन्हा आली. त्रास वाढलेला. मी म्हणालो, "नीट घासत नसशील." आरशासमोर उभं करून घासण्याची पद्धत दाखवली आणि जेवणानंतर, चहानंतरही घासायला सांगितलं. जानेवारीत ती तिसऱ्यांदा आली. उजवीकडच्या दोन दातांत पांढरा थर जाऊन आतला पिवळा भाग दिसायला लागला होता. माझा इलाज फुकट गेला की मी रोग्यावर चिडतो, हा माझा जुना आजार आहे. मी तिला म्हटलं, "हे बघ, हा व्यवसायच तुझ्या दातांना मानवणारा नाही. नोकरी बदल."

खुर्चीतून उठताना तिने गळ्यात अडकवलेला कागदी रुमाल काढला, नीट चार घड्या घातल्या आणि सुमनबाईंच्या हातात दिला. अण्णा मात्र दारात थांबले. "डॉक्टर, तिनं राजीनामा लिहून ठेवलाय. तुमी म्हणाल तसं करती ती. तुमच्यावर लय भरोसा हाय तिचा."

मी गंभीर चेहऱ्याने "दातांपेक्षा नोकरी मोठी नाही" असलं काहीतरी म्हणालो. मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आता माझ्या स्वतःच्या तोंडाकडे येऊ. साठी उलटल्यावर पोट सुटलं आणि कुणीतरी व्हॉट्सअॅपवर कोमट पाणी, लिंबू आणि मध यांचं माहात्म्य पाठवलं. तेव्हापासून रोज सकाळी उठल्याबरोबर मी एक मोठा पेला लिंबूपाणी घ्यायचो. घटाघट नव्हे, वर्तमानपत्र वाचत, एकेक घोट. म्हणजे ज्या गोष्टीसाठी भालेरावांना रागावलो, तीच मी गॅलरीत बसून करत होतो. आणि पेला संपला की माझा पहिला नियम. लगेच ब्रश, तोही जोर लावून. पोट जिथल्या तिथे राहिलं. दात तेवढे कमी होत गेले.

त्या जानेवारीत थंडी कडाक्याची होती. एका सकाळी नळाच्या पाण्याने चूळ भरली आणि उजवीकडून अशी सणक गेली की मी बेसिन धरून उभा राहिलो. माझी बायको मंदा बाहेरून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "पाणी गार आहे." ती म्हणाली, "पाणी गारच असतं जानेवारीत. दात दाखवून घ्या कुणाला तरी."

कुणाला दाखवणार? दातांच्या डॉक्टरने दुसऱ्या दातांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे आचाऱ्याने शेजारच्या खानावळीत जेवायला जाण्यासारखं. तरी चार दिवसांनी, टोपी कपाळावर ओढून, मी गंगापूर रोडला केतकीच्या दवाखान्यात गेलो. केतकी माझी विद्यार्थिनी. एके काळी मी आठवड्यातून एकदा कॉलेजात शिकवायला जायचो, तेव्हाची.

तिने मला खुर्चीत बसवलं, बराच वेळ पाहिलं आणि मी आयुष्यभर लोकांना विचारलेला प्रश्न मला विचारला. "सर, सकाळी उठल्यावर पहिलं काय घेता?"

"लिंबूपाणी." मी खरं सांगितलं. सवय नसल्यामुळे जड गेलं.

"आणि मग?"

"मग ब्रश. लगेच. माझा नियमच आहे."

केतकीने हातातला आरसा खाली ठेवला. "सर, आंबटाने दाताचा वरचा थर तासभर तरी मऊ पडतो. चिंच-कैरी खाल्ल्यावर दात आंबतात म्हणतो ना आपण, त्यातलाच हा प्रकार. त्या मऊ थरावर ब्रश फिरवणं म्हणजे कानस चालवणं. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, लाळेला तिचं काम करू द्यायचं, आणि ब्रश तासाभराने." मग जरा घुटमळून म्हणाली, "सर, हे तुमच्याच तासाला शिकलेय मी. वहीत आहे अजून."

मला आठवलं. खरंच मी शिकवत होतो ते. पुस्तकात नवीन आलं तसं वाचलं, वर्गात फळ्यावर लिहिलं, परीक्षेत त्यावर प्रश्नसुद्धा काढला. पण कार्ड आधी छापलं होतं. फळा वेगळा, कार्ड वेगळं. दर वर्षी छापखान्यात "मागच्यासारखंच" एवढं सांगून मी पुन्हा तेच छापून घेत होतो.

आणि त्याच क्षणी खुर्चीत, तोंडात कापूस असताना, मला वैशालीचे ते खोलगट, गुळगुळीत दात दिसले. दिवसाला पंचवीस आंबट नमुने आणि प्रत्येक फेरीनंतर माझ्या आज्ञेने ब्रश.

मी तसाच उठलो. दवाखान्यात फोन केला, "सुमनबाई, आजचे पेशंट उद्यावर ढकला." त्या म्हणाल्या, "विंचूरला चाललात?" मी काही सांगितलंच नव्हतं. पण त्यांचं चिंचेचं बोलल्या त्या दिवसापासूनच ठरलेलं असावं, की सरांना केव्हातरी कळेल. मी म्हटलं, "तुमची चिंच बरोबर होती." मग त्या म्हणाल्या, "सावकाश जा, रस्त्यात कांद्याच्या गाड्या असतात."

दुपारी वैशालीच्या घरी पोचलो. ती ओट्यावर बसली होती. राजीनामा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. वाटेत मी भाषण तयार केलं होतं, त्यात वैद्यकशास्त्राची गुंतागुंत वगैरे होती. ओट्याशी पोचेस्तोवर सगळं विसरलो. म्हटलं, "चूक तुझी नाही, तुझ्या कामाचीही नाही. माझी आहे. मी तुला चुकीचं सांगितलं." आणि लिंबूपाण्यापासून सगळं सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. मग तिचा आवाज चढला. "सर, दिवसातून सात वेळा घासायचे मी. कामावरची सगळी हसायची. रक्त आलं तरी घासायचे. तुम्ही म्हणालात नीट घासत नसशील, म्हणून अजून जोरात घासायचे. आणि शेवटी मलाच म्हणालात, नोकरी सोड."

मी ओट्याच्या कडेवर बसलो.

अण्णा हातातला विळा खाली ठेवत म्हणाले, "आता काय करायचं ते सांगा डॉक्टर. झालं ते परत येणार हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "झिजलं ते येत नाही. पण पुढचं थांबवता येईल."

मग मी काय करायचं ते सांगितलं. ब्रश सकाळी चाखण्याच्या आधी, तोही हलक्या हाताने, आणि रात्री. चाखणीच्या दिवसात मधे अजिबात नाही. प्रत्येक नमुन्यानंतर साध्या पाण्याची चूळ. फेरी संपली की पनीरचा तुकडा किंवा घोटभर दूध, म्हणजे आम्ल उतरतं. आंबट द्राक्षं बागेत येता-जाता तोंडात टाकायची नाहीत. ही शेवटची सूचना अण्णांनाही लागू होती, पण त्यांनी दुसरीकडे पाहिलं. तिचे उघडे पडलेले दात मी केतकीकडून भरून घेतले. स्वतः भरले नाहीत. तेवढी अक्कल तोवर आली होती.

राजीनामा तिने दिला नाही. फेब्रुवारीतली बैठक झाली. तिला तीसपैकी किती नमुने ओळखता आले ते मी विचारलं नाही, पण ती जागा तिला मिळाली. अण्णांनी फोन करून सांगितलं. "पोरगी बसली खुर्चीवर," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मी उरलेली कार्डं फाडली. जुन्या पेशंटना फोन करत सुटलो, पहिला नियम खोडा म्हणून. एका सटाण्याच्या गृहस्थांनी सांगितलं, "डॉक्टर, तो नियम आम्ही कधी पाळलाच नाही." इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल. नवीन कार्डावर पहिला नियम पाण्याचा आहे, आणि मजकूर आधी सुमनबाईंना वाचून दाखवला.

दवाखाना बंद केल्यावर, मागच्या वर्षी, वैशालीने कारखाना बघायला बोलावलं. चाखणीच्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर, हात धुण्याच्या जागेच्या वर, माझं पिवळं कार्ड लावलेलं होतं. जुनं. मला लाजल्यासारखं झालं. "हे काढ ग," मी म्हटलं, "नवीन आणलंय मी."

"नवीन द्या. हे राहू द्या," ती म्हणाली. "नव्याने येणाऱ्यांना दाखवते."

जवळ जाऊन पाहिलं. पहिल्या नियमावर लाल शाईची आडवी रेघ होती. खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हा नियम डॉक्टरांनी स्वतः घरी येऊन खोडला.'

तिने दोन पेले पाणी ओतलं. पेला तोंडाला लावताना तिने मान किंचित डावीकडे कलती केली, उजव्या दातांना पाणी लागू नये म्हणून. ती सवय तिला आता जन्माची. मी दिलेली.

मीही माझा पेला उचलला, आणि मान डावीकडे कलती करून पाणी प्यालो.